व्यायामाला सोबत हवी का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गटाने केलेल्या व्यायामाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून नोकरी करते. घरी एकटीने व्यायाम करण्याचा प्रयत्न मी अनेकदा केला. दोन-तीन आठवडे नियम पाळला जातो, मग एखाद्या कारणाने खंड पडतो आणि पुन्हा सुरुवात होत नाही. मैत्रीण म्हणते, गटात ये, म्हणजे आपोआप जमेल. मला मात्र वाटते की ज्याच्या अंगी निश्चय नाही, त्याला गट तरी काय करणार? आणि दुसऱ्यांच्या जोरावर टिकलेला व्यायाम आपला म्हणावा का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. व्यायाम स्वतःच्या निश्चयाने झाला की कोणाच्या आग्रहाने, हे हृदयाला आणि स्नायूंना कळत नाही; त्यांना फक्त श्रम कळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या शारीरिक हालचालीची शिफारस केली, तिच्यातही ही मिनिटे कोणाच्या बळावर भरावीत याविषयी काही अट नाही. तेव्हा गटाचा आधार घेणे कमीपणाचे आहे, ही समजूत बाजूला ठेवावी.

तुमचा अनुभव निश्चयाच्या अभावाचा आहे, असेही मला वाटत नाही. एकट्याने व्यायाम करणाऱ्याला एकच निर्णय रोज नव्याने घ्यावा लागतो : आज करायचा की उद्या, आता की संध्याकाळी, पूर्ण की थोडाच. कामाने शिणलेल्या मनापुढे हा प्रश्न रोज ठेवला, तर कधी ना कधी उत्तर नकारार्थी येणारच, आणि एकदा दिलेला नकार दुसऱ्या दिवशी अधिक सोपा होतो. गटात वेळ, ठिकाण आणि व्यायामाचा प्रकार आधीच ठरलेला असतो. जायचे की नाही हा प्रश्न तेथेही उरतो, परंतु न जाणे आता फुकट राहिलेले नसते. कोणीतरी वाट पाहणार असते, कोणीतरी दुसऱ्या दिवशी विचारणार असते. घरच्या व्यायामाला मारलेली दांडी कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि माझ्या मते व्यायाम सुटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

याला अभ्यासांचा आधार आहे. अमेरिकेत वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमाचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जण एकटे आले होते, तर काहींनी तीन परिचितांना सोबत आणले होते. एकट्याने येऊन नेहमीचे मार्गदर्शन घेतलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. परिचितांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार कसा द्यावा हे शिकवलेल्या गटात हे प्रमाण ९५ टक्के होते. कमी झालेले वजन त्यानंतरच्या सहा महिन्यांत पूर्णपणे टिकवून ठेवणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २४ आणि ६६ टक्के आढळले. येथे एक सावधगिरी हवी. तीन परिचितांना तयार करू शकणारी व्यक्ती मुळातच अधिक उत्साही असू शकते, त्यामुळे सगळे श्रेय सोबतीला देता येत नाही. शिवाय त्या कार्यक्रमात आहाराचाही भाग होता. तरीही एवढा मोठा फरक केवळ स्वभावाच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही.

सोबतीचा परिणाम उपस्थितीवर होतो तसा प्रत्यक्ष प्रयत्नांवरही होतो. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यांपेक्षा इतरांबरोबर धावणारे सायकलस्वार अधिक वेगवान ठरलेले दिसले. पुढचा स्वार वारा अडवतो म्हणून असे होत असेल, ही शंका त्यालाही आली होती. म्हणून त्याने मुलांना मासेमारीच्या गळाची चरखी फिरवायला देऊन तीच गोष्ट प्रयोगशाळेत पाहिली. बरीच मुले सोबतीत अधिक जोराने चरखी फिरवू लागली, काहींवर परिणाम झाला नाही, आणि काही मात्र गडबडून मंदावली. या तिसऱ्या प्रकारच्या मुलांचा विषय पुढच्या एका पत्रात येणारच आहे.

तुमच्यासाठी त्याहून उपयोगी निरीक्षण ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे आहे. त्याने १९२० च्या दशकात बर्लिनमधील एका नौकानयन मंडळाच्या सदस्यांना वजन उचलत राहण्याचे काम आधी एकेकट्याने आणि मग जोडीने दिले. जोडीचे काम असे होते की एकाने हात टेकले की दोघांचेही संपले. अशा वेळी जोडीतील दुबळा माणूस एकट्याने जितका टिकला होता, त्याहून जास्त वेळ टिकून राहिला. आपल्यामुळे दुसऱ्याचे अडू नये, ही भावना आणि आपल्याहून थोडे पुढे असलेल्याशी होणारी तुलना, अशी दोन कारणे यामागे मानली जातात. २०११ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी प्लँकच्या (कोपर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरण्याच्या) व्यायामात हाच परिणाम तपासला. सोबती समोर नव्हता, फक्त पडद्यावर दिसत होता. तरीही सहभागी एकट्याने व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुमारे २४ टक्के अधिक काळ टिकले.

तेव्हा मैत्रिणीचे म्हणणे ऐकावे. फक्त ‘आपोआप जमेल’ हा तिचा शब्द मी उचलणार नाही. ते का, हे पुढच्या पत्रावरून कळेल.

प्रश्न : एका जिममधील सामूहिक वर्गाला मी तीन महिन्यांचे पैसे भरले. वर्गात चाळीसएक माणसे असत, संगीत जोरात असे, प्रशिक्षक समोरून सूचना देत असत. मी महिनाभर गेलो, मग जाणे कमी झाले आणि शेवटी थांबले. कोणाचा फोन आला नाही, कोणी विचारले नाही. गटाचे फायदे सर्वत्र सांगितले जातात. मला ते का मिळाले नाहीत?

उत्तर : कारण तुम्ही गर्दीत व्यायाम करत होता, गटात नव्हे. एका छताखाली एकाच वेळी चाळीस माणसांनी हातपाय हलवले म्हणून त्यांचा गट होत नाही. व्यायामाच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एक एकत्रित विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकजूट वाढवण्यासाठी मुद्दाम प्रयत्न केलेले गट सर्वांत परिणामकारक ठरले. नेहमीचे सामूहिक वर्ग आणि घरी व्यायाम करताना कोणाशी तरी नियमित संपर्क ठेवणे, या दोहोंमध्ये फारसा फरक आढळला नाही. सर्वांत मागे राहिला तो घरी, एकट्याने, कोणाच्याही संपर्काविना केलेला व्यायाम. म्हणजे तुमच्या त्या वर्गाच्या तुलनेत आठवड्यातून दोनदा ‘आज केलास का?’ असे विचारणारा मित्र कदाचित तितकाच उपयोगी पडला असता, आणि त्याला शुल्कही द्यावे लागले नसते.

गर्दीत उत्साह वाढण्याऐवजी कमी का होतो, यालाही जुने उत्तर आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले होते. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोर ओढणारी माणसे जसजशी वाढली, तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर घटत गेला. काही घट ओढण्याचा ताल न जुळल्यामुळे होती, परंतु सगळी नव्हे. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणे आणि ओरडणे अशा साध्या कामांतून दाखवले की घोळक्यात प्रत्येक जण थोडा हात आखडता घेतोच. आपला वाटा वेगळा ओळखला जाणार आहे, हे माणसाला कळले की मात्र ही चुकारी बरीच कमी होते. चाळिसांच्या वर्गात तुमचा वाटा ओळखणारे कोणीही नव्हते. येण्याचाही नाही आणि न येण्याचाही नाही.

कॅनडातील संशोधक अल्बर्ट कॅरन आणि केविन स्पिंक यांनी १९९३ मध्ये व्यायामवर्गांच्या प्रशिक्षकांना एकजूट वाढवण्याचे उपाय शिकवले. उपाय अगदी किरकोळ वाटतील असे होते : गटाला नाव देणे, सारखे टी-शर्ट घालणे, प्रत्येकाची उभी राहण्याची जागा ठरवणे, आपापसांत ओळखी करून देणे, नव्यांना मदत करण्याची जबाबदारी जुन्यांवर सोपवणे. अशा वर्गांतून माणसे कमी गळाली आणि उशिरा येण्याचे प्रमाणही घटले. पुन्हा पैसे भरण्यापूर्वी एखादा वर्ग फुकट पाहता आला, तर यंत्रे किती आहेत हे मोजण्यापेक्षा प्रशिक्षक किती जणांना नावाने हाक मारतो ते ऐकावे. शिवाय ही सारी जबाबदारी प्रशिक्षकावर टाकून मोकळे होता येत नाही, असेही मला वाटते. महिनाभरात शेजारी उभ्या असणाऱ्या दोन माणसांची नावे विचारणे तुम्हालाही शक्य होते.

प्रश्न : माझे वजन बरेच आहे आणि दम लवकर लागतो. सगळ्यांसमोर चुकीचे पाऊल पडेल, लोक हसतील, या भीतीने मी गटात जाणे टाळते. गटाने उत्साह वाढतो म्हणतात, माझा तर विचारानेच आटतो.

उत्तर : तुमची भीती अनाठायी आहे असे सांगून मी ती उडवून लावणार नाही, कारण तिला शास्त्रीय आधार आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र मांडून दाखवले की इतरांच्या उपस्थितीत सरावाचे काम अधिक चांगले होते, पण नवे, न जमलेले काम अधिकच बिघडते. ट्रिप्लेटच्या प्रयोगातील गडबडलेल्या मुलांचे कोडे त्यातून बऱ्याच अंशी सुटते. पहिल्याच दिवशी अनोळखी पावले टाकताना सगळ्यांसमोर चूक होणे हा म्हणूनच स्वभावाचा दोष नव्हे.

यावर दोन गोष्टी करता येतात. पहिली, व्यायामातील मूलभूत हालचाली आधी घरी किंवा एखाद्या ओळखीच्या व्यक्तीसमोर शिकून घ्याव्यात, म्हणजे गटात जाताना त्या थोड्या तरी सवयीच्या झालेल्या असतील. किंवा चालण्यासारखा मुळात शिकावाच लागत नाही असा व्यायाम निवडावा. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट सोबत्यांच्या निवडीची आहे. कोहलरच्या जोड्यांमध्ये सर्वाधिक लाभ दोघांच्या ताकदीत मध्यम अंतर असताना दिसला. अंतर फार मोठे असले तर मागे पडणारा झुंजणे सोडून देतो, आणि काहीच नसले तर गाठायला कोणी उरत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वासाच्या उगमांविषयी जे मांडले, तेही येथे लागू पडते : आपल्यासारख्याच माणसाला एखादी गोष्ट जमताना पाहिली की ‘मलाही जमेल’ असे वाटू लागते, आणि हा परिणाम निष्णात माणसाकडे पाहून तितकासा होत नाही. म्हणून नवख्यांसाठीचा गट शोधावा, आणि शक्य असल्यास तुमच्यापेक्षा दोन-तीन महिनेच आधी सुरू केलेल्या व्यक्तीशेजारी उभे राहावे. दम लागण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा वेगळे असेल, किंवा छातीत दुखणे, चक्कर येणे असे काही होत असेल, तर मात्र गट शोधण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

आणि खरोखरच कोणी हसले, तर तो गट सोडावा. चिकाटी दाखवण्याची ती जागा नव्हे.

प्रश्न : आईच्या निधनानंतर माझे वडील (वय ७१) घरात गप्प बसून असत. आता ते समवयस्कांच्या एका गटाबरोबर रोज सकाळी चालायला जातात आणि खुलले आहेत. परंतु ते सांगतात त्यावरून चालणे कमी आणि गप्पाच जास्त होतात असे दिसते. याला व्यायाम म्हणावे का? त्यांना एकट्याने भरभर चालण्याचा आग्रह करू का?

उत्तर : कृपया करू नका. चालता चालता बोलता येणे हे व्यायाम कमी पडत असल्याचे लक्षण नाही. मध्यम तीव्रतेचा व्यायाम ओळखण्याची साधी खूण अशी की बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. वडील वाक्य पूर्ण करू शकतात, मात्र श्वास नेहमीपेक्षा जोरात चालतो, अशी स्थिती असेल तर त्यांचा वेग योग्यच आहे. मंडळी फारच रेंगाळत असतील, तर फेरीचा मधला दहा मिनिटांचा भाग झपाझप चालण्याचा ठरवावा. त्यासाठी गट सोडण्याचे कारण नाही.

चालण्याच्या गटांवरील ४२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात १,८४३ व्यक्तींचा समावेश होता. रक्तदाब, विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके, शरीरातील चरबी आणि नैराश्याची लक्षणे या सर्वांत सुधारणा आढळली, आणि सहभागी झालेल्यांपैकी बहुतेकांनी चालणे सोडले नाही. आठवडाभर उत्साहाने पळून मग थांबणाऱ्यांच्या तुलनेत ही बाब मला अधिक मोलाची वाटते.

गप्पांचे मोल वेगळेच मोजले पाहिजे. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासकाळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक आढळली. जोडीदार गमावलेल्या माणसासाठी रोज ठरावीक वेळी आपली वाट पाहणारी माणसे असणे, ही गोष्ट व्यायामाला चिकटून आलेली करमणूक नाही. दुःखात असलेल्या पुष्कळ पुरुषांना समोरासमोर बसून मन मोकळे करणे अवघड जाते. शेजारी चालत असताना नजर समोर असते, मध्येच गप्प राहिले तरी ते विचित्र वाटत नाही, आणि म्हणून बोलणे सोपे होते, असे माझे निरीक्षण आहे.

एक भर मात्र जरूर घालावी. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि ते केवळ चालण्याने साधत नाही. आधाराला धरून एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे असे सोपे प्रकार फेरी संपल्यावर सर्वांनी मिळून केले, तर तेही टिकतील.

प्रश्न : मित्रांबरोबर धावताना श्रम कमी जाणवतात, हा भास आहे का? आमचा गट ॲपवर एकमेकांचे अंतरही पाहतो आणि त्यामुळे मी ठरवल्यापेक्षा जास्त धावतो.

उत्तर : पूर्णपणे भास नाही. एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंना वल्हवण्याच्या यंत्रांवर एकदा एकेकट्याने आणि एकदा सर्वांनी मिळून सराव करायला लावला. हा अभ्यास २०१० चा आहे. दोन्ही वेळा केलेले श्रम जवळपास सारखे असूनही एकत्र सरावानंतर वेदना सहन करण्याची क्षमता लक्षणीयरीत्या अधिक वाढलेली आढळली. शरीरात स्रवणाऱ्या एंडॉर्फिन या वेदनाशामक द्रव्यांमुळे हे घडत असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. खेळाडू मोजके बाराच होते, हे लक्षात ठेवून यातून बेताचाच अर्थ काढावा.

ॲपच्या परिणामाविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. सुमारे ११ लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदींवरून संशोधकांना दिसले की मित्र एक किलोमीटर अधिक धावले, तर आपण त्याच दिवशी सुमारे ०.३ किलोमीटर अधिक धावतो. मित्र अधिक धावले नसते तरी तुम्ही अधिक धावणारच होता, असे तर नव्हे ना, ही शक्यता वगळण्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या शहरांतील हवामानाचा उपयोग केला : मित्राच्या गावी पाऊस आणि आपल्या गावी ऊन असताना काय घडते ते तपासले. गमतीची गोष्ट म्हणजे मागे असणाऱ्यांचा पुढे असणाऱ्यांवर जास्त प्रभाव पडला. आपल्याला मागून कोणी गाठू नये, ही धास्ती मोठी असते.

याच धास्तीत धोकाही आहे. वेदना कमी जाणवणे म्हणजे इजा कमी होणे नव्हे. धावून झाल्यावर, सोबती निघून गेल्यानंतर गुडघा किंवा घोटा दुखत असेल, तर दुसऱ्या दिवशीचे अंतर त्या दुखण्याने ठरवावे, पडद्यावरील आकड्यांनी नव्हे.

प्रश्न : मला एकट्यानेच व्यायाम आवडतो आणि अनेक वर्षे तो नियमित चालू आहे. मीही गटात जावे का?

उत्तर : मुळीच आवश्यकता नाही. जे टिकले आहे ते मोडू नये.

प्रश्न : आम्ही नऊ जणांनी मिळून सकाळचा व्यायामगट सुरू केला. चार महिन्यांत तिघेच उरलो आहोत. गट टिकवण्यासाठी काय करावे?

उत्तर : गळती प्रत्येक गटाला लागते. ती कोठे थांबते, हे पुष्कळदा उरलेल्यांच्या वागण्यावर ठरते. न येणाऱ्यांची थट्टा किंवा तक्रार सुरू झाली की परतीची वाट बंद होते. तीन आठवडे न आलेल्या माणसाला आधीच संकोच वाटत असतो, त्यात सर्वांसमोर टोमणा ऐकावा लागेल या भीतीने तो कायमचा दुरावतो. त्याला एकट्याला फोन करावा, कारण विचारण्यापेक्षा उद्याचा बेत सांगावा, आणि तो आला तर जणू काल भेटला होता अशा सहजतेने त्याला सामावून घ्यावे.

व्यवस्थेत बदल करणेही आवश्यक असू शकते. रोज भेटण्याचा नियम अनेकांना झेपत नाही. आठवड्यातून तीन ठरावीक दिवस ठेवले, तर पाळणारे वाढतात. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी पाच किलोमीटर धावण्याचा जो उपक्रम सुरू केला, तो पुढे पार्करन या नावाने अनेक देशांत पसरला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे : आठवड्यातून एकच दिवस, तीच जागा, शुल्क नाही, धावण्याऐवजी चालत अंतर पूर्ण केले तरी हरकत नाही, आणि वेळ नोंदवण्यापासून मार्ग दाखवण्यापर्यंतची कामे स्वयंसेवक करतात. धावणे जमणार नसेल त्या आठवड्यात एखादा सदस्य काम करायला येऊ शकतो, त्यामुळे त्याचे येणे थांबत नाही. तुमच्या गटातही प्रत्येकाकडे आळीपाळीने एखादे काम द्यावे. त्या दिवशीचे व्यायाम ठरवणे, वेळ मोजणे, नव्या माणसाबरोबर राहणे, काहीही चालेल. पाय दुखावलेल्या सदस्यालाही मग येण्यासाठी कारण उरते. आणि तिघेच उरला असाल, तर नवे सहा जण शोधण्याची घाई करू नका. आधी एकाला आणा आणि तो महिनाभर टिकल्यावर दुसऱ्याला.